इल्या मेच्निकॉव
इल्या इलिच मेच्निकॉव (१५ मे १८४५ – १५ जुलै १९१६) हे खारकीव्हजवळ जन्मलेले प्राणिशास्त्रज्ञ होते. १८८२ मध्ये मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी काट्यांभोवती फिरत्या पेशी जमल्या होत्या. पुढे डॅफ्निया या पारदर्शक जलपिसूच्या शरीरात शिरलेले रोगकारक बीजाणू पेशी कशा गिळतात, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशी हरल्या, की जलपिसू मरे. प्राणी न कापता, तो जिवंत असतानाच रोगाची वाटचाल पाहता येणे, हे या कामाचे खरे महत्त्व. पांढऱ्या पेशी जंतू पसरवतात, असा तेव्हा अनेकांचा समज असल्याने विरोध तीव्र झाला. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना पॉल एर्लिक यांच्यासह विभागून मिळाले. मुंबईत प्लेगची लस तयार करणारे वाल्देमार हाफकिन हे त्यांचे ओडेसातील विद्यार्थी होत.