मुकुंदराव जयकर आणि रस्त्याचे मोल

गणेश चतुर्थीच्या आधीचे दोन-तीन दिवस माणगावच्या बाजारपेठेतून मुंबई-गोवा महामार्गाने जाणे म्हणजे काय असते, हे रायगड जिल्ह्यातील माणसाला सांगण्याची आवश्यकता नाही. पुण्याकडून ताम्हिणी घाट उतरून येणारी वाहने, म्हसळा-श्रीवर्धनकडे वळणारी वाहने आणि तळकोकणात निघालेला चाकरमान्यांचा लोंढा, हे सारे एकाच अरुंद रस्त्यावर येऊन मिळतात. पनवेल-इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण 2011 साली सुरू झाले; 2025 चा गणेशोत्सव आला तरी माणगावचा वळणरस्ता पुरा झालेला नव्हता. आणि नेमक्या याच दिवसांत राज्य शासन कोकणात जाणाऱ्या वाहनांना पथकर माफ करते. गर्दी सर्वाधिक असेल तेव्हा रस्ता सर्वांत स्वस्त, असा हा व्यवहार आहे. लोकभावनेच्या दृष्टीने तो समजण्यासारखा आहे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो बरोबर उलटा आहे.

रस्ता वापरणाऱ्याने रस्त्याचे मोल द्यावे की नाही, आणि द्यायचे तर कोणत्या मापाने, हा प्रश्न आपल्या देशात प्रथम पद्धतशीरपणे ज्यांच्यापुढे आला, ते गृहस्थ अभियंते नव्हते आणि अर्थशास्त्रज्ञही नव्हते. ते होते बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर. पुणे विद्यापीठातील ग्रंथालयाला त्यांचे नाव आहे, म्हणून विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना ते परिचित आहे. पुणे करारातील मध्यस्थ म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना ते ठाऊक आहेत. देशातील प्रत्येक पेट्रोल पंपाशीही या माणसाचा काही संबंध आहे, ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

जयकरांचा जन्म 13 नोव्हेंबर 1873 चा. मुंबईच्या पाठारे प्रभू समाजातील हे घराणे. एल्फिन्स्टनमधील शिक्षण, कायद्याची पदवी, पुढे विलायतेस जाऊन बॅरिस्टरी आणि 1905 पासून मुंबई उच्च न्यायालयात वकिली, असा त्यांचा आरंभीचा क्रम त्या काळातील अनेक बुद्धिमान तरुणांसारखाच होता. जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर काँग्रेसने पंजाबातील अत्याचारांची स्वतंत्र चौकशी करविली, तेव्हा गांधीजी, चित्तरंजन दास आणि अब्बास तय्यबजी यांच्या बरोबरीने जयकर त्या समितीत होते. पुराव्याची छाननी करावी, अतिशयोक्ती गाळावी आणि उरेल तेवढेच ठामपणे मांडावे, ही वकिली शिस्त त्यांच्या सार्वजनिक जीवनात अखेरपर्यंत टिकली. लोकप्रियतेच्या बाजारात या गुणाला फारसा भाव नसतो, हेही त्यांना अखेरपर्यंत अनुभवावे लागले.

1923 मध्ये स्वराज्य पक्षातर्फे ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले. परंतु कौन्सिलात बसून केवळ अडवणूक करण्याचे धोरण त्यांच्या बुद्धीला पटेना. सरकारकडून जे हिताचे मिळेल ते घ्यावे, जे अहिताचे असेल ते नाकारावे, या प्रतियोगी सहकारितेच्या भूमिकेने ते, न. चिं. केळकर आणि डॉ. मुंजे पक्षापासून अलग झाले. 1926 मध्ये ते दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून गेले. रस्त्यांचे प्रकरण त्यांच्याकडे आले ते तेथे.

त्या वेळची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी आणि मोटारबसगाड्या झपाट्याने वाढल्या होत्या. रस्ते मात्र बैलगाडीसाठी बांधलेले होते. 1919 च्या सुधारणांनी रस्ते हा विषय प्रांतांकडे गेला होता आणि प्रांतांनी त्यातील बराच भार जिल्हा लोकल बोर्डांवर टाकला होता. लोकल बोर्डांचे उत्पन्न मुख्यतः जमिनीवरील करातून येई. म्हणजे ज्या शेतकऱ्याने मोटारीत कधी पाय ठेवला नव्हता, त्याने मोटारीने उखडलेल्या रस्त्याची डागडुजी करावयाची, असा न्याय चालू होता. कुलाबा जिल्ह्यासारख्या ठिकाणी, जेथे मुंबईशी दळणवळण बरेचसे बोटींनी आणि खाड्यांतील पडावांनी होत असे, तेथे तर पक्का रस्ता ही अपूर्वाईची वस्तू होती.

1927 मध्ये हिंदुस्थान सरकारने मध्यवर्ती कायदेमंडळाच्या दोन्ही सभागृहांतील सभासदांची एक रस्तेविकास समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद जयकरांकडे दिले. समितीने 1928 मध्ये आपला अहवाल सादर केला. तिचे मुख्य म्हणणे असे की, रस्त्यांचा विकास प्रांतिक सरकारांच्या व स्थानिक संस्थांच्या ऐपतीबाहेर गेला आहे, तो आता राष्ट्राच्या हिताचा विषय झाला आहे आणि त्याचा खर्च मोटार वापरणाऱ्यांकडून वसूल करणे न्याय्य आहे. त्यासाठी पेट्रोलवर जादा कर बसवावा, त्याच्या जोडीला वाहनांवर कर आणि भाड्याच्या गाड्यांवर परवाना शुल्क असावे आणि पेट्रोलवरील जादा कराचे उत्पन्न सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत न मिसळता स्वतंत्र रस्ते निधीत ठेवावे. त्याप्रमाणे मार्च 1929 मध्ये पेट्रोलवरील कर गॅलनमागे चार आण्यांवरून सहा आणे झाला आणि हे जादा दोन आणे मध्यवर्ती रस्ते निधीत जाऊ लागले. 1934 मध्ये स्थापन झालेली इंडियन रोड्स काँग्रेस ही याच अहवालाची संतती.

या दोन आण्यांमागचा विचार फार चोख होता. जो अधिक चालवील तो अधिक पेट्रोल जाळील आणि म्हणून अधिक कर देईल. जड गाडी रस्ता अधिक झिजविते, ती पेट्रोलही अधिक खाते. नाक्या-नाक्यावर कारकून बसवावे लागत नाहीत, वाहने थांबवावी लागत नाहीत, वसुलीचा खर्च नगण्य आणि चुकवाचुकवी जवळजवळ अशक्य. त्या काळी हाती असलेल्या साधनांनी याहून चांगले माप सापडणे कठीण होते.

तथापि, या मापाला एक उणीव होती आणि ती पुढे वाढत गेली. पेट्रोलवरचा कर वेळ ओळखत नाही आणि जागाही ओळखत नाही. मध्यरात्री ताम्हिणीच्या मोकळ्या रस्त्यावर जळलेल्या एका लिटरवर जेवढा कर, तेवढाच चतुर्थीच्या आदल्या सकाळी माणगावच्या बाजारात जळलेल्या लिटरवर. पहिल्या गाडीने कोणाचेही काही अडविले नाही. दुसरीने आपल्या मागच्या शेकडो गाड्यांना, त्यांतील एस. टी. बसमध्ये उभ्या असलेल्या प्रवाशांना आणि एखाद्या रुग्णवाहिकेलाही काही क्षण उशीर केला. हा उशीर म्हणजेच गर्दीचा खरा खर्च; आणि तो करणारा स्वतः भरत नाही, इतरांवर टाकतो. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी 1920 मध्येच, म्हणजे जयकर समितीच्या सात वर्षे आधी, दोन रस्त्यांच्या उदाहरणाने हे दाखविले होते. परंतु 1927 च्या हिंदुस्थानात रस्त्यावर गर्दी हा प्रश्न नव्हता, रस्ताच नाही हा प्रश्न होता. त्या समितीने गर्दीचे मोल ठरविले नाही याबद्दल तिला दोष देणे म्हणजे विहीर खणणाऱ्याला पुराचा बंदोबस्त का केला नाही म्हणून विचारण्यासारखे आहे.

पिगूंचा विचार रस्त्यावर उतरण्यास बराच काळ लागला. सिंगापूरने 1975 मध्ये शहराच्या मध्यभागात सकाळी शिरणाऱ्या मोटारींना दिवसाला तीन डॉलरचा परवाना लावला. लंडनने फेब्रुवारी 2003 मध्ये पाच पौंडांची आकारणी सुरू केली. स्टॉकहोमने 2006 मध्ये प्रथम सात महिने प्रयोग केला, नंतर लोकांचे मत घेतले आणि 2007 पासून ती कायम केली. तेथे शहराच्या हद्दीवरील वाहतूक सुमारे एक-पंचमांशाने घटली. न्यूयॉर्कने अनेक वर्षांच्या वादानंतर जानेवारी 2025 मध्ये गर्दीच्या वेळेसाठी नऊ डॉलरचा आकार बसविला. मुंबईने याच सुमारास विरुद्ध दिशा धरली. शहराच्या पाच प्रवेशद्वारांवर उड्डाणपुलांच्या खर्चापोटी घेतला जाणारा पथकर ऑक्टोबर 2024 मध्ये हलक्या वाहनांना माफ झाला. तो पथकर गर्दीवरचा आकार नव्हता. तो पहाटे चार वाजता आणि सकाळी दहा वाजता सारखाच होता आणि त्याच्या नाक्यांनीच रांगा लागत. त्याचे जाणे फारसे शोचनीय नाही. परंतु त्याच्या जागी काय, हा प्रश्न तसाच राहिला.

गर्दीच्या आकाराविरुद्ध जे बोलले जाते ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. पहिला आक्षेप विषमतेचा. पैसेवाल्याला रस्ता मोकळा आणि बेताच्या मिळकतीच्या माणसाला मज्जाव, असे त्याचे रूप होऊ शकते. याला उत्तर असे दिले जाते की, आपल्याकडे बहुसंख्य लोक मोटारीत नसतातच, ते बसमध्ये किंवा लोकलमध्ये असतात आणि आज फुकटच्या कोंडीचा दंड तेच भरतात. हे उत्तर मुंबईत बरेचसे खरे आहे. पण जेथे दुसरे साधन अपुरे, तेथे ते लंगडे पडते. चतुर्थीच्या कोकण रेल्वेचे आरक्षण महिनोन्महिने आधी संपते, एस. टी. महामंडळ जादा गाड्या हजारोंनी सोडते, परंतु त्या गाड्याही त्याच कोंडीत उभ्या राहतात. चार कुटुंबांनी मिळून ठरविलेल्या गाडीवर आकार बसविला, तर ती काही चैनीवरची आकारणी ठरत नाही.

दुसरा आक्षेप स्थानिकांचा. माणगावसारख्या गावात महामार्ग हाच बाजाराचा रस्ता, हाच शाळेचा आणि हाच दवाखान्याचा. गर्दी बाहेरच्यांची आणि आकार गावकऱ्यालाही, हे कोणत्याही न्यायात बसत नाही. सूट द्यावी तर सुटींची यादी लांबत जाते आणि अखेर आकाराला अर्थ उरत नाही. किंबहुना माणगावला आकारापेक्षा वळणरस्त्याचीच निकड आहे, असेच म्हणावे लागेल. जेथे रस्ता अपुरा आहे तेथे रस्ता बांधणे, आणि जेथे बांधावयास जागाच नाही तेथे आकार, हा क्रम उलटा करता येत नाही. मुंबईच्या फोर्टात जागा नाही. माणगावच्या भोवती आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे आणि तो जयकरांच्याच निधीच्या इतिहासातून येतो. एका कारणासाठी घेतलेला पैसा त्याच कारणी लागेल याची हमी काय? स्वातंत्र्योत्तर दशकांत पेट्रोलवरचे कर वाढत गेले. रस्ते निधीत पडणारा वाटा मात्र त्या मानाने फार काळ होता तेथेच राहिला. या निधीला कायद्याचे अधिष्ठान मिळावयास 2000 साल उजाडले, म्हणजे जयकरांच्या अहवालानंतर सात दशके लोटली. पुढे 2018 मध्ये त्याच्या कार्यकक्षेत रस्त्यांखेरीज इतर पायाभूत सुविधाही आल्या. लंडनने आपल्या आकाराचे निव्वळ उत्पन्न वाहतूक सुधारण्यावरच खर्च करण्याचे कायदेशीर बंधन घालून घेतले होते आणि तेथील लोकांनी आकार पचविला त्यामागे हेही एक कारण होते. आपल्याकडे पथकराविरुद्ध जो संताप दिसतो, तो पैसे देण्याबद्दल जेवढा आहे त्याहून अधिक हिशेब न मिळण्याबद्दल आहे.

त्यातच विजेवर चालणाऱ्या मोटारींची भर पडली आहे. त्या पेट्रोल जाळीत नाहीत, म्हणून जयकरांच्या मापात त्या सापडतच नाहीत. उलट 2025 मध्ये राज्य शासनाने त्यांना अटल सेतू, द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर पथकरही माफ केला. हवा स्वच्छ राहील हे खरे, पण विजेची मोटार रस्त्यावर पेट्रोलच्या मोटारीएवढीच जागा अडविते. दोन आण्यांच्या तत्त्वाला नवे माप शोधावे लागणार, ते या बाजूनेही.

रस्ते समितीनंतर जयकरांचे आयुष्य पुन्हा मोठ्या राजकारणाच्या प्रवाहात गेले. 1930 मध्ये सर तेजबहादुर सप्रूंसह ते येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या भेटी घेत होते. नंतर गोलमेज परिषदा झाल्या. 1932 च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. 1937 मध्ये ते नव्या फेडरल कोर्टाचे न्यायाधीश झाले आणि 1939 मध्ये प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर गेले. डिसेंबर 1946 मध्ये घटना समितीत त्यांनी, मुस्लिम लीग व संस्थाने येईपर्यंत उद्दिष्टांचा ठराव लांबणीवर टाकावा, अशी उपसूचना मांडली. सभागृह तिच्या विरुद्ध होते. पुढे त्यांनी जागा सोडली आणि त्या रिकाम्या जागेवर मुंबईतून डॉ. आंबेडकर निवडून आले. ज्याला जे देणे आहे ते त्याच्याकडून घ्यावे, परंतु त्याला बसवून, समजावून घ्यावे, अशी त्यांची वृत्ती होती. ती दोन्ही बाजूंना अनेकदा अडचणीची वाटे.

पुणे विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा ते पहिले कुलगुरू झाले आणि 1956 पर्यंत त्या पदावर राहिले. आत्मचरित्राचे दोन खंड त्यांनी अखेरच्या वर्षांत पुरे केले. 10 मार्च 1959 रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी विल्यम व्हिक्री या न्यूयॉर्कच्या प्राध्यापकाने वॉशिंग्टन शहरासाठी, वेळ आणि जागा पाहून प्रत्येक मोटारीकडून रस्त्याचे मोल घेण्याची योजना अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे ठेवली. ती तेथे कोणी स्वीकारली नाही. व्हिक्रींना 1996 मध्ये नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि तीनच दिवसांनी ते वारले. त्यांच्या न्यूयॉर्कमध्ये पहिला आकार त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी वसूल झाला.