विश्लेषण : जन्माआधीच ठरते आपले-परके? पीटर मेडावर यांनी काय शोधले?

दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डमध्ये एक बॉम्बफेकी विमान कोसळले आणि एक हवाईसैनिक गंभीर भाजला. त्याच्यासाठी डॉक्टरांनी जवळच राहणारे तरुण प्राणिशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांचा सल्ला घेतला. दुसऱ्याची त्वचा शरीर का झिडकारते, या प्रश्नाने मेडावर यांना पछाडले ते तेव्हापासून.

१९१५ मध्ये ब्राझीलमध्ये जन्मलेल्या मेडावर यांचे वडील मूळचे लेबनॉनचे, शिक्षण मात्र इंग्लंडमध्ये झाले. त्याच दात्याची त्वचा दुसऱ्यांदा लावली तर ती अधिक लवकर नष्ट होते, हे त्यांनी ग्लासगोत पाहिले. म्हणजे हे काम रोगप्रतिकारशक्तीचे होते.

कोडे उलगडले ते वासरांमुळे. जुळी वासरे एकसारखी की वेगळी, हे ओळखण्यासाठी मेडावर व बिलिंगहॅम यांनी त्वचारोपण केले. पण वेगळ्या जुळ्यांनीही एकमेकांची त्वचा स्वीकारली! गर्भातच त्यांचे रक्त एकत्र मिसळते, हे अमेरिकेच्या रे ओवेन यांनी १९४५ मध्येच दाखवले होते.

मग १९५३ मध्ये ब्रेंट यांच्यासह उंदरांच्या गर्भांत परक्या वाणाच्या पेशी टोचल्या गेल्या. मोठेपणी त्यातल्या काही उंदरांनी त्याच वाणाची त्वचा बिनतक्रार स्वीकारली. १९६० मध्ये मेडावर आणि बर्नेट यांना नोबेल मिळाले.

गर्भातच मूलपेशींचे प्रत्यारोपण करण्याची कल्पना याच प्रयोगावर उभी आहे. माणसात मात्र ते तितके सोपे ठरले नाही. मुळातच प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्या गर्भांतच प्रामुख्याने यश आले.

१९६९ मध्ये पक्षाघाताचा झटका येऊनही मेडावर लिहीत राहिले. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले.