अ‍ॅलन ग्रिफिथ

काचेचा पेला हातातून निसटला, की त्याचे तुकडे तुकडे होतात. अशा ठिसूळ काचेच्या साहाय्याने पदार्थांच्या बळकटीचे गूढ उकलणारे शास्त्रज्ञ म्हणजे अ‍ॅलन ग्रिफिथ. त्यांचा जन्म इ. स. १८९३ मध्ये लंडन येथे झाला. लिव्हरपूल विद्यापीठात यंत्रशास्त्राचे शिक्षण घेऊन १९१५ साली ते फार्नबरोच्या सरकारी विमान कारखान्यात दाखल झाले.

तो पहिल्या महायुद्धाचा काळ होता. विमानाचा एखादा दांडा आकाशात मोडला, तर वैमानिकाचे प्राण वाचणे कठीण. मग जो भार गणिताप्रमाणे सहज पेलावा, त्याहून कितीतरी कमी भाराने पदार्थ का मोडतात? पृष्ठभागावरील बारीक ओरखडे तर याला कारण नसतील? धातूची रचना गुंतागुंतीची. म्हणून ग्रिफिथ यांनी परीक्षेसाठी साधी काच निवडली.

काच तापवून त्यांनी तिचे तंतू ओढले आणि ते ताणून तोडले. जाड कांडी अधिक वजन पेलणार हे उघडच आहे. म्हणून छेदाच्या दर चौरस मिलिमीटरला किती भार पडतो, याचा त्यांनी हिशेब केला. एक मिलिमीटर जाडीची कांडी सुमारे १७.५ किलोग्रॅमला तुटली. मिलिमीटरच्या तीनशेव्या भागाइतक्या बारीक तंतूने मात्र त्याच हिशेबाने सुमारे ३४५ किलोग्रॅम भार सोसला! काच तीच, बळ जवळजवळ वीसपट.

याचा उलगडा त्यांनी १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात केला. काचेत डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. भेगेच्या टोकाशी ताण एकवटतो. भेग जितकी मोठी, तितक्या थोड्या भाराने ती पसरू लागते. बारीक तंतूत मोठी भेग मावणार तरी कोठे?

१९२४ साली त्यांनी दाबाचाही विचार केला. ठिसूळ वस्तू दाबली, तरी तिरप्या भेगांच्या टोकांशी ताणच उत्पन्न होतो. मात्र ती फोडण्यास ताणाच्या आठपट दाब लागतो, असे त्यांचे गणित निघाले. दाबाच्या परीक्षेतही लहान नमुना बहुधा अधिक बळकट ठरतो. म्हणूनच काँक्रीटची परीक्षा ठरावीक मापाच्या ठोकळ्यांवर करतात. भारतात सामान्यतः १५ सेंटिमीटरचा ठोकळा घेतात. त्याहून लहान घेतला, तर काँक्रीट आहे त्यापेक्षा चांगले भासावयाचे!

ग्रिफिथ यांच्या या शोधाकडे अभियंत्यांचे फारसे लक्ष गेले नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची पोलादी जहाजे अकस्मात दुभंगू लागली, तेव्हा कोठे त्या निबंधाचे मोल कळले. ग्रिफिथ मात्र तोपर्यंत विमानांच्या इंजिनांत रमले होते. १९३९ पासून १९६० पर्यंत त्यांनी रोल्स-रॉइस कंपनीत तेच काम केले. इ. स. १९६३ मध्ये त्यांचे निधन झाले.