मुक्या चाकांचा वैद्य

येवल्याच्या विंचूर चौफुलीवरून रात्रंदिवस मोटारी धावत असतात. एखादी मोठी मोटार चालता चालता एका अंगाला ओढू लागली, की जाणता कारागीर प्रथम वाकून तिचे टायर न्याहाळतो. टायर मधोमध झिजला असेल, तर हवा अधिक झाली; दोन्ही कडांना झिजला असेल, तर हवा कमी पडली; आणि एकच कड झिजली असेल, तर चाकांची मांडणी बिघडली, असे बहुधा त्याच्या ध्यानात येते. मुके चाक आपले दुखणे असे खुणांनी सांगते. चाकांना हवेचे टायर मिळवून देणारे जॉन बॉइड डनलॉप हेही मुक्या प्राण्यांची दुखणी ओळखणारे पशुवैद्यच होते!

डनलॉप यांचा जन्म १८४० साली स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न या खेड्यात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. एडिंबरो येथे पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन ते आयर्लंडमध्ये गेले आणि बेलफास्ट शहरात त्यांनी आपल्या व्यवसायात चांगला जम बसविला. घोड्याला आपली व्यथा बोलून दाखविता येत नाही. त्याची चाल पाहूनच ती ओळखावी लागते. बारकाईने पाहण्याची सवय त्यांना या व्यवसायाने लावली.

त्या काळी सायकलींच्या चाकांना भरीव रबराच्या धावा असत. डनलॉप यांचा लहान मुलगा आपली तीनचाकी सायकल खडबडीत रस्त्यावरून चालवी, तेव्हा त्याला फार हादरे बसत. दुसऱ्या कोणी रस्त्याला दोष दिला असता. डनलॉप यांनी चाकाकडे पाहिले. रबराच्या पातळ पत्र्याची नळी करून ती त्यांनी लाकडी चकतीभोवती बसविली, तिच्यावर कापड ताणले आणि आत हवा भरली. मग ही चकती आणि सायकलीचे जुने चाक त्यांनी अंगणात घरंगळत सोडले. जुने चाक वाटेतच पडले. हवेचे चाक मात्र अंगण ओलांडून पलीकडे पोहोचले.

१८८८ साली डनलॉप यांना या शोधाचे पेटंट मिळाले. पुढच्याच वर्षी बेलफास्टच्या शर्यतीत विली ह्यूम नावाचा सायकलपटू हे जाडजूड टायर लावून उतरला. प्रेक्षकांनी त्यांची टिंगल केली. पण ह्यूमने शर्यत जिंकताच हसणारे चकित झाले.

तोच एक आघात झाला. रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ सालीच अशा चाकाचे पेटंट घेतले होते, असे उघडकीस आले. त्यामुळे डनलॉप यांचे पेटंट रद्द ठरले. थॉमसनच्या काळी सायकली वा मोटारी नव्हत्या, म्हणून त्याची कल्पना विस्मरणात गेली होती. डनलॉप यांना तिची माहितीही नव्हती. त्यांच्या नावाचा कारखाना जगभर गाजला. परंतु त्या वैभवाचा मोठा वाटा त्यांना मिळाला नाही. १९२१ साली डब्लिन येथे त्यांचे निधन झाले.

पेटंटाचा हक्क गेला, तरी शोधाचा उपयोग गेला नाही. आज शेतमाल घेऊन येवल्याच्या बाजाराकडे निघालेली गाडीही हवेच्याच चाकांवर धावते. त्या चाकातील हवा योग्य प्रमाणात राखणे आणि त्याच्या झिजेच्या खुणा वेळीच ओळखणे हे मात्र आपले काम आहे. जो नीट पाहतो, त्याच्याशी मुकी वस्तूही बोलते.