अर्ध्यावर थांबलेली धाव

रिले शर्यत आपण सगळ्यांनीच शाळेत पाहिलेली असते. पहिला धावपटू आपला पल्ला संपवतो, हातातली दांडी पुढच्याच्या हातात देतो आणि थांबतो. त्याचे धावणे संपते, शर्यत मात्र चालू राहते. कर्करोगावरील संशोधनासाठी अनेक देशांत दरवर्षी एक धाव निघते. तिच्यात मी एका वर्षी मुंबईत भाग घेतला आणि तेव्हापासून ज्याच्या नावाने ती निघते, त्या टेरी फॉक्सचे आयुष्य जाणून घेण्याचा मला छंदच लागला. कॅनडातला हा तरुण एकटाच धावायला निघाला होता. दांडी दुसऱ्याच्या हाती द्यावी लागेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हते.

टेरीचा जन्म २८ जुलै १९५८ चा, विनिपेग शहरातला. वडील रेल्वेत नोकरीला. पुढे हे कुटुंब पश्चिम किनाऱ्याजवळ पोर्ट कोक्विटलम या गावी येऊन राहिले. टेरी उंचीने बेताचा, पण वेड बास्केटबॉलचे. शाळेच्या संघात तो सगळ्यात कच्चा खेळाडू होता. पण पहाटे उठून, डोळ्यांत तेल घालून सराव करीत त्याने संघातली आपली जागा पक्की केली. त्याचा हा हट्टी स्वभावच पुढच्या साऱ्या कहाणीचे मूळ आहे.

१९७७ च्या मार्चमध्ये त्याच्या उजव्या गुडघ्याच्या दुखण्याचे निदान झाले. हाडाचा कर्करोग. वय अवघे अठरा. पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्याच्या बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाने त्याला एक मासिक आणून दिले. डिक ट्रॉम या एक पाय नसलेल्या गृहस्थाने कृत्रिम पायाने न्यूयॉर्कची मॅरेथॉन पुरी केल्याची हकिगत त्यात होती. मला वाटते, दांडी टेरीच्या हाती आली ती त्या रात्री.

पुढे सोळा महिने केमोथेरपी चालली. त्या वॉर्डात त्याने आपल्याहून लहान मुले विझताना पाहिली. त्याला डॉक्टरांनी एक हिशेबही सांगितला होता. नव्या औषधांमुळे त्याच्या जगण्याची शक्यता निम्मी होती. दोनच वर्षांपूर्वी ती शंभरात पंधरा एवढीच असती. म्हणजे आपण जिवंत आहोत ते कोणा अनोळखी माणसांनी संशोधनासाठी दिलेल्या पैशामुळे, हे त्याला उमगले. हे ऋण फेडायचे कसे? त्याने ठरवले की कॅनडा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत जायचे आणि संशोधनासाठी पैसा उभा करायचा.

घरी मात्र त्याने आधी एवढेच सांगितले की एका मॅरेथॉनची तयारी चालली आहे. सरावातच तो पाच हजार किलोमीटरहून अधिक धावला. नाताळच्या दिवशी तेवढी सुट्टी घेतली, तीही आईने गळ घातली म्हणून. १९७९ साली प्रिन्स जॉर्ज या गावच्या शर्यतीत तो सगळ्यांत शेवटी आला आणि त्यानंतर त्याने खरा बेत उघड केला. आई बेटी हादरून गेली. तिने परोपरीने समजावले. वडिलांनी मात्र कधी निघणार एवढेच विचारल्याचे सांगतात. आईचा विरोध आणि वडिलांचा तो एक प्रश्न, दोन्ही मायेपोटीच होते, हे मुलेबाळे असलेल्या वाचकांना सांगायला नको.

१२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्स येथे कृत्रिम पाय अटलांटिक महासागरात बुडवून तो निघाला. बरोबर एक व्हॅन आणि ती चालवणारा बालमित्र डग अल्वर्ड. सोबत समुद्राचे पाणी भरून घेतले होते, पलीकडच्या पॅसिफिकमध्ये ओतायला. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन, म्हणजे ४२ किलोमीटरच्या आसपास. बोरीबंदरहून लोकलने दिव्याला जावे, एवढे हे अंतर. ते रोज, एका पायावर! धडक्या पायाने दोनदा उडी घ्यायची, मग कृत्रिम पाय पुढे टाकायचा, अशी त्याची चाल होती. मांडीच्या खुंटाला फोड येत, रक्त येई. तरी पहाटे अंधारात तो पुन्हा रस्त्यावर हजर.

सुरुवातीला वारा, पाऊस, बर्फ आणि रिकामे रस्ते. मग पोर्ट-ओ-बास्क या दहा हजार वस्तीच्या गावाने दहा हजार डॉलर जमवून दिले. माणशी एक डॉलर! कॅनडातल्या प्रत्येक माणसाकडून एक डॉलर, हे त्याचे उद्दिष्ट त्यातूनच ठरले. क्वेबेकमध्ये भाषा आडवी आली आणि झोळी जवळपास रिकामीच राहिली. ऑन्टारिओत मात्र बँड वाजले, माणसे रस्त्याच्या कडेने उभी राहिली. टोरांटोत एकाच दिवशी एक लाख डॉलर जमले. हाडाच्या कर्करोगानेच पाय गमावलेला दहा वर्षांचा एक मुलगा सायकलवरून त्याच्या मागे मागे आला. दोघे तळ्यात पोहले. साऱ्या धावेत हाच प्रसंग टेरीला सर्वांत जवळचा वाटला असावा, असे मला राहून राहून वाटते.

आपल्याकडे थोर माणसाचे चरित्र लिहायचे म्हणजे त्याचा देव करायचा, अशी रीत आहे. टेरी देव नव्हता. तो तापट होता. व्हॅनमध्ये दोघा मित्रांचा अबोला एवढा वाढला की आईवडिलांना विमानाने यावे लागले आणि पुढे सतरा वर्षांचा धाकटा भाऊ डॅरेल सोबतीला आला. डॉक्टरांकडे नियमित तपासणी करून घ्यायलाही टेरी तयार नसे. कोणत्याही आईला हे रुचणार नाही, मलाही रुचत नाही. पण पैशाच्या बाबतीत तो कमालीचा स्वच्छ होता. जाहिरातीसाठी आलेली कंपन्यांची आमिषे त्याने नाकारली. आलेला पैसा संशोधनाचा, त्यातला एकही डॉलर आपला नाही, हा त्याचा नेम होता.

१ सप्टेंबर १९८० रोजी थंडर बे शहराजवळ खोकला आणि छातीतल्या वेदनेने तो थांबला. कर्करोग फुप्फुसांत पोचला होता. १४३ दिवसांत तो ५,३७३ किलोमीटर धावला होता. आपला काश्मीर ते कन्याकुमारी हमरस्तादेखील याहून बराच लहान. पॅसिफिक अजून दूर होता.

आणि इथे दांडी पुढच्या हातात गेली. काही दिवसांतच एका दूरचित्रवाणी वाहिनीच्या मदत कार्यक्रमात एक कोटी डॉलर जमले. फेब्रुवारी १९८१ पर्यंत आकडा दोन कोटी एकेचाळीस लाखांवर गेला. देशाची लोकसंख्याही जवळपास तेवढीच होती. माणशी एक डॉलर हे स्वप्न त्याने डोळ्यांनी पाहिले. २८ जून १९८१ रोजी, तेविसावा वाढदिवस महिन्यावर असताना, तो गेला.

त्याच सप्टेंबरात त्याच्या नावाने पहिली धाव निघाली आणि तीन लाख लोक रस्त्यावर आले. कर्करोगानेच पाय गमावलेला स्टीव्ह फोन्यो १९८५ च्या मे महिन्यात पॅसिफिकला पोचला. टेरीला चाकांच्या खुर्चीवरचा बास्केटबॉल खेळायला बोलावणारा रिक हॅन्सन १९८५ ते १९८७ या काळात आपली खुर्ची ढकलीत ३४ देशांतून फिरला आणि मज्जारज्जूच्या संशोधनासाठी त्याने दोन कोटी साठ लाख डॉलर उभे केले. टेरीच्या नावाची धाव तर सातासमुद्रापार गेली. आजवर तिने ८५ कोटी डॉलरहून अधिक निधी जमवला आहे. तिच्यात नंबर नाही, बक्षीस नाही. आमच्या मुंबईच्या धावेत शाळकरी मुले पळत होती, आजोबा काठी टेकीत होते आणि माझ्यासारख्या गृहिणी दमत भागत चालत होत्या. कोणी कोणाच्या पुढे नव्हते.

ज्या आईने त्याला अडवले, तीच पुढे तीस वर्षे शाळाशाळांतून त्याची गोष्ट सांगत हिंडली. २०११ साली ती गेली. २०२४ साली कॅनडा सरकारने जाहीर केले की पाच डॉलरच्या नव्या नोटेवर टेरीचे चित्र असेल. एक डॉलर मागणाऱ्याला देशाने पाच डॉलरवर बसवले!

पण त्याचे खरे स्मारक मला नोटेवर दिसत नाही. टेरीला झालेल्या रोगात आज पुष्कळ मुलांचा जीव तर वाचतोच, पण पायही कापावा लागत नाही. परळच्या टाटा रुग्णालयातही पाय राखून हाडाची गाठ काढणाऱ्या शस्त्रक्रिया होतात. तिथून स्वतःच्या दोन्ही पायांवर घरी परतणाऱ्या एखाद्या मुलाला टेरी फॉक्स हे नाव ठाऊकही नसेल. नसू दे. ज्यांनी पैसे दिले त्यांची नावे टेरीला तरी कुठे ठाऊक होती?