राजा परांजपे

राजा परांजपे (२४ एप्रिल १९१० – ९ फेब्रुवारी १९७९) हे मराठी चित्रपटांचे दिग्दर्शक, निर्माते व अभिनेते होते. ठकाला ठक भेटला की दोघांची जी फजिती होते, ती त्यांच्या विनोदाची आवडती जागा होती. १९५६ साली प्रदर्शित झालेल्या त्यांच्या एका चित्रपटाचे तर नावच 'गाठ पडली ठका ठका' असे आहे.

कारकीर्द

परांजपे यांचा जन्म मिरज येथे झाला. भालजी पेंढारकर यांच्या हाताखाली उमेदवारी केल्यानंतर १९४८ मध्ये 'जिवाचा सखा' या चित्रपटाद्वारे ते दिग्दर्शनाकडे वळले. कथा-पटकथा व गीतांसाठी ग. दि. माडगूळकर आणि संगीतासाठी सुधीर फडके अशी त्यांची जोडी पुढे जमली. या तिघांनी मिळून केलेल्या चित्रपटांनी १९५० चे दशक गाजवले.

'लाखाची गोष्ट' (१९५२) मध्ये दोन कफल्लक मित्रांपुढे ठरावीक मुदतीत एक लाख रुपये खर्च करून दाखवण्याची अट येते. पैसा उधळायला निघावे तर तो वाढतच जातो, आणि अट घालणारा धनिक व अट स्वीकारणारे तरुण या दोघांचेही अंदाज चुकतात. राजा गोसावी यांच्यासह स्वतः माडगूळकरांनी यात भूमिका केली, तर रेखा व चित्रा या भगिनींचे पडद्यावर पदार्पण झाले. लाख रुपये ही त्या काळी सामान्य प्रेक्षकाच्या कल्पनेपलीकडची रक्कम होती. त्यामुळे या हास्याला बेकारी व गरिबीची किनार आहे. त्याच वर्षीच्या 'पेडगावचे शहाणे'चे शीर्षक वेड पांघरून पेडगावला जाण्याच्या म्हणीवर बेतलेले असून त्यात परांजपे यांनी मुख्य भूमिका केली. १९५३ मध्ये त्यांनीच हा चित्रपट 'चाचा चौधरी' या नावाने हिंदीत आणला.

विनोदापुरते त्यांना मर्यादित करणे मात्र अन्यायाचे ठरेल. 'ऊन पाऊस' (१९५४) मध्ये मुलांनी दुरावलेल्या वृद्ध आईवडिलांची व्यथा आहे. 'जगाच्या पाठीवर' (१९६०) मध्ये सीमा देव यांनी अंध मुलीची भूमिका केली. पुढे 'पाठलाग' (१९६४) व 'पडछाया' (१९६५) हे रहस्यपट त्यांनी दिले. वरकरणी हे वळण अनपेक्षित वाटते. परंतु 'पाठलाग'मध्येही समोरची व्यक्ती नेमकी कोण, हाच प्रश्न आहे. विनोदी चित्रपटांत ज्या तोतयेगिरीने प्रेक्षक हसत होता, तीच येथे भय निर्माण करते. 'पाठलाग'वरून राज खोसला यांनी 'मेरा साया' (१९६६) हा हिंदी चित्रपट केला.

परांजपे यांच्याच 'हा माझा मार्ग एकला' या चित्रपटातून सचिन पिळगावकर बालकलाकार म्हणून पडद्यावर आले. पुढे दिग्दर्शक झाल्यावर सचिन यांनी श्रीमंत मुलीच्या अपहरणाचा बेत रचणाऱ्या तरुणांवर 'गंमत जंमत' (१९८७) आणि वेषांतराच्या घोटाळ्यावर 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) हे चित्रपट केले.