एका मद्यपीला हवा होता दुसरा मद्यपी

मे १९३५. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ॲक्रन शहरात, मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत एक उंच माणूस येरझाऱ्या घालत होता. ज्या व्यवहारासाठी तो न्यूयॉर्कहून आला होता, तो फिसकटला होता. गाव परके, खिसा जवळजवळ रिकामा. लॉबीच्या एका टोकाला बार होता. तिथले हसणे-बोलणे कानावर येत होते. दुसऱ्या बाजूला टेलिफोन होता आणि जवळच गावातील चर्चची यादी. दारू सोडून त्याला पाच महिने झाले होते. एक पेला घेतला तर पुढे काय होईल, हे त्याला पुरते ठाऊक होते. तो टेलिफोनकडे वळला.

हा माणूस म्हणजे बिल विल्सन, ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ म्हणजेच ‘एए’ या संघटनेच्या दोन संस्थापकांपैकी एक.

बिलचा जन्म २६ नोव्हेंबर १८९५ रोजी व्हरमाँट राज्यातील ईस्ट डॉर्सेट या खेड्यात झाला. आईवडील वेगळे झाल्यावर आजी-आजोबांनी त्याला वाढवले. मुलगा हुशार, पण बुजरा. पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करी अधिकारी असताना त्याने दारूची चव घेतली आणि बुजरेपणा पळाला. पुढे वॉल स्ट्रीटवर कंपन्यांचा अभ्यास करून त्याने चांगला पैसा कमावला. १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला आणि पैसा गेला. दारू मात्र वाढतच राहिली. घर चालवण्यासाठी पत्नी लोइस दुकानात नोकरी करू लागली.

न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये बिल चार वेळा दाखल झाला. तिथले डॉ. विल्यम सिल्कवर्थ मद्यपाशाला चारित्र्याचा दोष न मानता आजार मानत. पहिला घोट पोटात गेला की शरीर थांबू देत नाही आणि तो घोट घेण्यावाचून मनाला चैन पडत नाही, अशी त्यांची मांडणी होती. पण आजार समजला म्हणून तो बरा होत नाही. बिल पुन्हा प्यायला. १९३४ च्या अखेरीस पिण्यातला जुना सोबती एबी थॅचर त्याच्या घरी आला, तो दारू सोडून. त्याने स्वतःचे काय झाले, एवढेच सांगितले. त्या डिसेंबरात बिल हॉस्पिटलमध्ये शेवटचा दाखल झाला. तिथे त्याला एक उत्कट आध्यात्मिक अनुभव आला आणि त्याची दारू सुटली.

मग तो उत्साहाने इतर मद्यपींना गाठू लागला. पाच महिन्यांत एकाचीही दारू सुटली नाही. प्रवचन थांबवून आधी आजाराबद्दल सांगावे, असा सल्ला सिल्कवर्थ यांनी दिला. बिलला आणखी एक गोष्ट उमगली होती: दुसरे कोणी सुधारले नसले, तरी त्यांच्याशी बोलत असताना तो स्वतः दारूपासून दूर राहिला होता. म्हणूनच ॲक्रनमध्ये त्याला तातडीने दुसरा मद्यपी हवा होता, आणि तो स्वतःसाठी.

एका धर्मगुरूमार्फत हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंशी संपर्क झाला आणि त्यांनी डॉ. रॉबर्ट स्मिथ यांची गाठ घालून दिली. हे पंचावन्न वर्षांचे सर्जन वर्षानुवर्षे पीत होते. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर सहा तासांहून अधिक बसले. उपदेश त्यांनी पुष्कळ ऐकला होता. पण हा माणूस त्याच खड्ड्यातून वर आलेला होता.

काही आठवड्यांनी एका वैद्यकीय परिषदेला गेलेले डॉक्टर पुन्हा घसरले. परत आल्यावर त्यांना शस्त्रक्रिया करायची होती आणि हात थरथरत होते. बिलने त्यांना बिअरची एक बाटली दिली. आज हे ऐकून कोणीही हादरेल. पण ती थरथर खरी होती. रोजच्या दारूला सरावलेल्या मेंदूला ती अचानक मिळेनाशी झाली की कंप, फिट्स, भ्रम असे जिवावर बेतणारे त्रासही होऊ शकतात. म्हणून फार पिणाऱ्याने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दारू थांबवावी. ती बाटली डॉ. स्मिथ यांची शेवटची ठरली. १० जून १९३५ हा दिवस एएचा स्थापना दिवस मानला जातो.

दोघांचे तिघे झाले, मग गट झाले. १९३९ मध्ये बारा पायऱ्यांचे पुस्तक आले. आज सुमारे १८० देशांत एएच्या मीटिंगा भरतात, महाराष्ट्रातही भरतात. फी नाही, नोंदवही नाही, आडनाव सांगायची गरज नाही. दारू सोडण्याची इच्छा, एवढीच अट. नवख्याने नुसते ऐकले तरी चालते. खुल्या मीटिंगला घरच्यांनाही जाता येते. बंद मीटिंग फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी असते. एक गट रुचला नाही तर दुसरा पाहावा. कुटुंबीयांसाठी लोइसने १९५१ मध्ये ‘अल-ॲनॉन’ सुरू करण्यात पुढाकार घेतला.

याचा उपयोग होतो का? २०२० मधील कॉक्रेन आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ जणांची माहिती तपासली गेली. रुग्णाला पद्धतशीरपणे एएशी जोडून देणाऱ्या उपचारांनंतर वर्षभर दारूपासून पूर्ण दूर राहिलेल्यांचे प्रमाण ४२ टक्के होते, तर इतर उपचारांनंतर ३५ टक्के. हा हमखास इलाज नाही, पण फरक खरा आहे.

बिल काही संत नव्हता. दारू सुटल्यावरही नैराश्याने त्याला वर्षानुवर्षे छळले. सिगारेटने फुप्फुसे निकामी केली आणि २४ जानेवारी १९७१ रोजी त्याचे निधन झाले. संघटनेच्या नियमाप्रमाणे तो ‘बिल डब्ल्यू.’ या नावाने वावरला. मृत्यूनंतर वृत्तपत्रांनी त्याचे पूर्ण नाव छापले. त्याच्या मागे उरली ती त्याने ॲक्रनमध्ये घालून दिलेली वाट: प्यावेसे वाटले की बारकडे न जाता फोनकडे जायचे आणि त्याच वाटेवरून आलेल्या कोणाशी तरी बोलायचे.